चुकलेला हात

काहीही फुकट आहे म्हटलं की मावशीचे गुडघे दुखायचे थांबतात. बुधवारी कलासंग्रहालयात तिकीट लागत नाही, हे तिला पँटची उंची कमी करून घ्यायला आलेल्या कुण्या गिऱ्हाइकाने सांगितलं आणि तेव्हापासून तिने भाचीमागे टुमणं लावलं. भाची नको नको म्हणत राहिली. शेवटी एका बुधवारी जेवणं उरकल्यावर मावशीने दुकानाला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "चित्रं भिंतीला टांगलेली असतात. खाली उतरून चावत नाहीत कुणाला."

भाचीला चित्रांची भीती नव्हतीच. तिला बंद दारांची भीती होती, जिन्यांची होती, मागून येणाऱ्या पावलांची होती आणि बसच्या हॉर्नची तर सगळ्यात जास्त होती. दिवसातून इतक्यांदा दचकायची की मावशीने तिचं नाव ससुली ठेवलं होतं. ससुलीलाही ते नाव बरं वाटायचं. खऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही की तिला तेवढंच सुरक्षित वाटे.

त्याला कारण होतं. ती नवऱ्याला सोडून आली होती, तीही न सांगता, तो कामावर गेलेला असताना, अंगावरच्या कपड्यांनिशी. नवरा लांबच्या मोठ्या शहरात बस चालवायचा. म्हाताऱ्या माणसांना हात देऊन बसमध्ये चढवणारा, चार लोकांत गोड बोलणारा, आणि घरी आला की आधी दाराची कडी लावणारा. एकदा ती जिन्यात शेजारणीशी जरा जास्त वेळ बोलली, तेवढ्यावरून त्याने तिचा उजवा हात ओट्याखालच्या खणात धरला आणि खण जोरात लोटून बंद केला. डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही. बोटं जशी जुळायची तशी जुळली. करंगळी बाहेर वाकलेली, आणि तिच्या शेजारचं बोट तिच्यावर चढलेलं. पुढे कधी स्वारी खुशीत असली की तो तोच हात हातात घेऊन म्हणायचा, "कुठं जाशील? हजार बायकांत उभी राहिलीस तरी या दोन बोटांवरून ओळखीन तुला."

मावशीकडे आल्यावर ससुलीने केस कापले, कात्री डाव्या हाताने धरायला शिकली, बोलणं निम्म्यावर आणलं. बोटांचं मात्र काही करता येत नव्हतं. म्हणून बाहेर पडलं की उजवा हात कोटाच्या खिशात, तो दुकानात परत आल्यावरच बाहेर. आणि खरं कुणाला सांगायचं नाही, हेही तिने ठरवून टाकलं होतं. तिकडे असताना एकदा घरमालकिणीला विश्वासाने सगळं सांगितलं होतं, तर त्याच संध्याकाळी नवरा तिचेच शब्द तिला ऐकवत घरात शिरला होता. इथे फक्त मावशीला ठाऊक होतं. मावशीच्या पोटात एरवी काही राहत नाही. गल्लीतल्या कुणाची पँट कमरेत किती ढिली करावी लागली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. पण ही एक गोष्ट तिने आजवर जपली होती, आणि त्यासाठी तिला काय कष्ट पडत असतील ते तिचं तिलाच माहीत.

संग्रहालयात शिरल्या शिरल्या मावशी पहिल्याच दालनातल्या बाकावर बसली. समोर द्राक्षांचं भलं मोठं चित्र होतं आणि शेजारी गप्पांना तयार असलेली एक बाई. द्राक्षं एका नजरेत संपली, बाई मात्र मावशीला तासभर पुरणार होती. ससुलीला दाराकडे पाठ करून बसवेना. ती पुढे निघाली. प्रत्येक दालनात ती आधी दारं पाहायची, मग भिंती.

तिसऱ्या दालनाला दोन दारं होती. तिला हायसं वाटलं. मग तिने भिंतीकडे पाहिलं, तर समोर त्यांचं दुकान.

आधी क्षणभर तिला गंमतच वाटली. दुकानाची काच, काचेमागे मशीन, दोरीने बांधून ठेवलेला मावशीचा पिवळा दिवा, बटणांचा डबा, अल्टरला आलेल्या पँटींचा ढीग, सगळं जसंच्या तसं. रस्त्यापलीकडच्या वरच्या मजल्यावरून दिसावं तसं काढलेलं. मशीनपाशी एक बाई वाकून बसलेली. वरून पाहिल्यामुळे चेहरा दिसत नव्हता, नुसता केसांचा भांग. तिच्या डाव्या हातात कात्री होती. उजवा हात कापडावर सपाट टेकलेला, आणि त्या हाताची करंगळी बाहेर वाकलेली, शेजारचं बोट तिच्यावर चढलेलं.

 खिशातला हात ससुलीने इतका घट्ट आवळला की बोटांतून कळ गेली. चित्राशेजारच्या पाटीवर गल्लीचं नाव होतं, शहराचं नाव होतं. पत्त्यात आता फक्त दाराची कडी वाजवायची बाकी राहिली होती.

तिने स्वतःला समजावलं. तो कशाला येतोय इतक्या लांब? आणि चित्रं पाहायला तर तो बापजन्मी जायचा नाही. तेवढ्यात दालनाचा पहारेकरी एका जोडप्याला सांगताना तिला ऐकू आलं. गडी बोलका होता. प्रदर्शन पुढच्या महिन्यात इथून हलणार, असं तो सांगत होता, आणि कुठे जाणार तेही त्याने सांगितलं. ते तिच्या नवऱ्याचंच शहर होतं. जाहिरातीसाठी सगळ्यांतून हेच चित्र निवडलंय, उद्या सकाळी फोटो काढणारा येणार आहे, मग तिथल्या बसथांब्या-थांब्यावर आणि प्रत्येक बसच्या पाठीवर हे लागणार, अगदी माणसाएवढं मोठं.

"पण हात बघा," पहारेकरी म्हणाला. "एवढा नावाजलेला माणूस, आणि हात साफ चुकलाय."

जोडप्याने मान हलवली आणि ते पुढे गेलं.  ससुलीला पुढच्या बसच्या पाठीवर आपला हात दिसला, आणि मागच्या बसमध्ये, स्टिअरिंगवर हात ठेवून, सिग्नल सुटायची वाट बघत तो दिसला.

"बाई, तुम्ही शिवणकाम करता का हो?"

ती अशी दचकली की मागच्या भिंतीला टेकली. चित्रासमोर घडीच्या स्टुलावर एक म्हातारा बसला होता. आतापर्यंत तिने त्याला पाहिलंच नव्हतं, म्हणजे पाहिलं होतं, पण भिंतींची डागडुजी करणारा कामगार समजून सोडून दिलं होतं. मांडीवर रंग लागलेली फळी, हातात बारीक कुंचला, खांद्यावर फडकं. तो तिच्या गळ्याकडे बोट दाखवत होता. तिने चाचपून पाहिलं तर मोजायची टेप गळ्यातच राहिलेली.

नाही म्हणायची सोय उरली नव्हती. ती हो म्हणाली.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. देवानेच धाडलं तुम्हाला, असं काहीसं तो म्हणाला आणि सांगायलाच लागला. हे चित्र त्याचं होतं. गेल्या हिवाळ्यात त्याच्या दाढेने त्याला जेरीस आणलं होतं. दातांच्या दवाखान्यात ताटकळत बसावं लागायचं, आणि तिथल्या खिडकीतून समोरचं हे दुकान दिसायचं. दाढ काढून झाली तरी तो जातच राहिला. डॉक्टर ओळखीचे, काही बोलले नाहीत.

म्हणजे तो हाच होता. अख्खा हिवाळा तिने समोरच्या खिडकीत एक सावली पाहिली होती. नवऱ्याने माणूस लावलाय पाळतीवर, अशी तिची खात्री झाली होती. तिने काचेला पडदा लावला, मावशीने उजेड जातो म्हणून काढला, तिने परत लावला, मावशीने तो थेट कापून त्याच्या पिशव्या शिवल्या. ती रात्र रात्र जागली ती या म्हाताऱ्याच्या दाढेपायी. पण ते कळून तिला हसू आलं नाही. पाळत ठेवणारा नसला तरी यानेच तिला नेऊन नवऱ्याच्या डोळ्यांपुढे उभं केलं होतं.

त्याने मात्र तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा? त्याने तिचा भांग पाहिला होता आणि हात पाहिले होते. कोटाची टोपी तिच्या डोक्यावर होती.

"मला एकच सांगा," तो म्हणाला. "मी जे दिसतं तेच काढतो. पदरचं काही घालत नाही. पण या हाताला सगळे हसतात. वर्तमानपत्रात आलं, हा पहारेकरी बोलतो, संचालक परवा म्हणाले की बसवर एवढा मोठा लागणार आहे, तेवढा हात सुधारून टाका. आज त्यासाठीच आलोय. पण माझा हात वळत नाहीये. तुम्ही या कामातल्या. शिवणाऱ्या बाईचा हात असा असू शकतो का?"

ससुलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडाने ती आणखीच घाबरली. सुटकेचं दार समोर उघडं होतं. तिने फक्त एक शब्द बोलायचा होता. पण तो बोलताना आवाज कापला, किंवा म्हाताऱ्याने खिशाकडे पाहिलं, तर संपलं.

"चुकलाय," ती म्हणाली.

म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला. त्याला हे उत्तर नको होतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"नक्की? कापड धरून धरून बोटं अशी होत नाहीत?"

"नाही होत. असा हात कुणाचा नसतो."

ते म्हणताना तिला आतून फार वाईट वाटलं. ज्या हाताने ती जेवायची, भांग पाडायची, रडताना डोळे पुसायची, तो हात कुणाचा नसतो असं तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. पण वाईट वाटून घ्यायला सवड नव्हती. बाहेरच्या दालनातून मावशीचं हसू ऐकू येत होतं. मावशीने हे चित्र पाहिलं असतं तर सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने भाचीचं कौतुक केलं असतं.

"थंडीत ती हा हात इस्त्रीजवळ धरून बसायची," म्हातारा हळू आवाजात म्हणाला. "हाच. दुसरा नाही. मला वाटायचं, याला कुणीतरी काहीतरी केलंय. हे आपोआप झालेलं नाही. म्हणून तर दाढ गेल्यावरही जात राहिलो मी."

 क्षणभर ससुलीला वाटलं, सांगून टाकावं. मग तिला घरमालकिणीचा मायाळू चेहरा आठवला. तोही असाच पुढे झुकलेला होता.

"थंडीत सगळेच धरतात," ती म्हणाली. "तुम्ही लांबून पाहिलंत. काचेतून वाकडंतिकडं दिसतं."

म्हाताऱ्याने उसासा टाकला. मग जरा हात टेकवून दाखवता का, म्हणाला, म्हणजे बोटं कशी बसतात ते पाहून काढतो. त्याने आपल्या गुडघ्यावर फडकं पसरलं. ससुलीने डावा हात त्यावर ठेवला. 

"चित्रातला उजवा आहे."

"दोन्ही सारखेच असतात," ती म्हणाली.  "तुम्ही उलटा काढा."

त्याने एकदा तिच्या खिशाकडे पाहिलं. निदान तिला तसं वाटलं. मग त्याने फळीवर रंग कालवले आणि चित्राकडे वळला. नाही जमलं तर काही बिघडत नाही, असं तो स्वतःशीच पुटपुटला. खालचा रंग वाळलेला आहे, वरचा ओला असेतो फडकं फिरवलं की आधीचं जसंच्या तसं.

कुंचला करंगळीवर टेकला.  आधी वाकडा सांधा बुजला. मग चढलेलं बोट खाली आलं, करंगळीशेजारी शहाण्यासारखं जाऊन बसलं. म्हातारा भराभर काम करत होता, नको असलेलं काम माणूस उरकतो तसं. पलीकडच्या दालनात मुलं धावायला लागली म्हणून पहारेकरी तिकडे ओरडायला गेला. मावशीचा आवाज जवळ येत होता. बाकावरच्या बाईचा निरोप घेणं चाललं होतं, आणि मावशीचे निरोप लांबतात एवढाच काय तो आधार.

म्हाताऱ्याने कुंचला बाजूला घेतला. कापडावर एक सरळ, गोरागोमटा, कुणाचाही असावा असा हात टेकलेला होता. ससुलीने तो नीट पाहिला. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी, का कोण जाणे, आपलं कुणीतरी गेल्यासारखंही वाटलं.

"अगं बाई!" मावशी दारातूनच म्हणाली. "हे तर आपलं दुकान! दिवा बघ, माझीच दोरी आहे ती."

ससुलीने डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली. पण मावशीला खुणा कळत असत्या तर काय हवं होतं. ती गुडघे सांभाळत थेट चित्रापुढे आली, डोळे बारीक केले, खालून वर, वरून खाली पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"पण ही तू नाहीस," तिने निकाल दिला. "दुसरीच कुणीतरी बसवलीय तुझ्या जागी. आपल्या ससुलीचा हात काय असाय?"

आणि पुरावा म्हणून तिने भाचीचं मनगट धरून हात खिशातून बाहेर ओढला.

 हात म्हाताऱ्याच्या नाकासमोर होता. करंगळी बाहेर वाकलेली, शेजारचं बोट तिच्यावर चढलेलं. मावशीने भाचीच्या तोंडाकडे पाहिलं, मग पाटीवरचं गल्लीचं नाव वाचलं, आणि तिच्या डोक्यात हळूहळू काय शिरत गेलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिने मनगट सोडलं. 

म्हाताऱ्याची नजर हातावरून चित्राकडे गेली, चित्रावरून परत हाताकडे. त्याचा चेहरा बदलला. त्याची नजर चुकली नव्हती. वर्तमानपत्रं चुकली होती, संचालक चुकले होते, सगळे हसणारे चुकले होते, आणि तो एकटा बरोबर होता. त्याने गुडघ्यावरचं फडकं हातात घेतलं. रंग अजून ओला होता. एकदा फिरवायचं, की झालं.

 पळावं तर पळून उपयोग नव्हता, हात भिंतीवरच राहणार होता. ओरडावं तर पहारेकरी येईल. ससुली फक्त त्या फडक्याकडे पाहत राहिली, खणाकडे पाहिलं होतं तशी.

"कुणी केलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

तिला खोटं सुचेना. "नवऱ्यानंच," ती म्हणाली.  "तो बस चालवतो. तिथंच. जिथं हे जाणार आहे."

 फडकं म्हाताऱ्याच्या मुठीतच होतं. मागे पावलं वाजली. मुलांना दटावून पहारेकरी परत येत होता, आणि येता येताच त्याचं लक्ष चित्राकडे गेलं.

"झाला का एकदाचा हात नीट?" त्याने लांबूनच विचारलं.

ससुलीने डोळे मिटून घेतले.

"झाला," म्हातारा म्हणाला. "माझाच चुकला होता."

तिने डोळे उघडले तेव्हा तो फडक्याची घडी करत होता. चार पदरी घडी घालून त्याने ते आत, कोटाच्या खिशात ठेवलं. पहारेकरी खूश झाला. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो साहेब, म्हणाला, पण आमचं कोण ऐकतंय. लांबून बघितल्यावर होतं असं, वयही झालंच की आता. म्हाताऱ्याने सगळ्याला हो हो म्हटलं. वय झालंय, दिसत नाही पहिल्यासारखं, काच मध्ये असली की वाकडंतिकडं दिसतं. सगळं ऐकून घेऊन पहारेकरी दाराजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसला, अगदी समाधानाने.

मावशीने डोळे पुसले आणि कुणाला दिसू नये म्हणून पर्समध्ये किल्ली शोधायला लागली. किल्ली हाताला लागली तरी ती शोधतच राहिली.

म्हाताऱ्याने रंगांची फळी आवरली. ठेंगण्या स्टुलावरून उठायला त्याला जमेना. एकदा प्रयत्न करून तो परत बसला. ससुलीने हात पुढे केला, आणि पुढे केल्यावर तिच्या लक्षात आलं की तो उजवा आहे. मागे घ्यावासा वाटला. तिने घेतला नाही. म्हाताऱ्याने तो जपून धरला, दोन वाकडी बोटं मोकळी राहतील असा, आणि तिच्या आधाराने उभा राहिला.

"दुखतात का?" त्याने हळूच विचारलं.

"थंडीत," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "पाहिलं होतं मी."